परदेशातले शास्त्रज्ञ परत यावेत असं खरंच वाटत असेल तर काय करायला हवं?

माटुंगा_पूर्व
२०२५च्या सप्टेंबरात ट्रम्पतात्यांनी एच-वन-बीच्या (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले, त्याआधी तिकडच्या विद्यापीठांच्या ग्रँटा कापल्या, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एकच विषय चाललाय, "आता बघा, सगळी हुशार पोरं परत येतील". मला हे काही पटत नाही. तिकडे दार लावलं म्हणून माणूस इकडेच येईल असं कुठे आहे? जर्मनी आहे, कॅनडा आहे, सिंगापूर आहे. चीनने २००८ मध्ये थाउजंड टॅलेंट्स नावाची योजना काढली आणि आपल्या लोकांना बोलवायला पैसा ओतला. आपल्याकडेही योजना नाहीत असं नाही, रामानुजन फेलोशिप आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) रामलिंगस्वामी आहे, इन्स्पायर आहे, वज्र आहे, वैभव आहे. नावं तर एकापेक्षा एक झकास. तरी माझ्या ओळखीतले जे पीएचडी-पोस्टडॉकवाले (पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम) बाहेर आहेत त्यातले बहुतेक "बघू" म्हणतात आणि ते बघणं काही संपत नाही.

माझं मत, पगार हा मुद्दा पहिल्या तीनातही नाही. पण मी बँकेत नोकरी केलेला माणूस, प्रयोगशाळा बाहेरूनच पाहिलेली. म्हणून विचारतोय. जे परत आलेत, जे आले नाहीत, जे येऊन पुन्हा गेले, सगळ्यांनी लिहा. फक्त "देशाने एवढं शिकवलं आणि हे पळाले" हा सूर नको, त्याचे धागे इथे आधीच ढीगभर आहेत.

खारी_बिस्किट
मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

सात_सत्तावीसची_बदलापूर
परत येऊन राहायचं कुठे ते आधी सांगा. सहायक प्राध्यापकाच्या पगारात पवईत वन बीएचके बघायला पण ब्रोकर बरोबर येत नाही. क्वार्टर मिळालं तर ठीक, नाहीतर आमच्या डब्यात स्वागत आहे, चौथी सीट देऊ.

पिपेटवाली
धागाकर्ते, लिहिते. थोडं लांब होईल.

मी जीवशास्त्रातली. पीएचडी आणि पोस्टडॉक बाहेर करून अशाच एका फेलोशिपवर मुंबईत आले. संस्थेचं नाव विचारू नका. पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे, कमी पडतो पण त्यासाठी कोणी परत जात नाही. रामानुजनचे आकडे सगळ्यांना माहीतच आहेत, पाच वर्षं, महिना १ लाख ३५ हजार, वर संशोधनाला वर्षाला ७ लाख. इथल्या पोस्टडॉकच्या मानाने बरेच पैसे आहेत. पण ते ७ लाख जीवशास्त्राच्या लॅबला कसे पुरतात ते बघा. एक बरा मायक्रोस्कोप सोडा, मायनस ऐंशीचा फ्रीजर घेतला तरी वर्षाचा निम्माअधिक निधी गेला. म्हणजे आल्या आल्या वेगळी ग्रँट लिहायला बसायचं, तिचा निकाल यायला वर्ष, मंजूर झाल्यावर पैसे यायला आणखी काही महिने. तोवर पाच वर्षांचं घड्याळ चालूच.

मग खरेदी. तिकडे मी सोमवारी ऑर्डर टाकली की बुधवारी अँटिबॉडी टेबलावर असायची, विचारच करायला लागायचा नाही. इथे पहिल्यांदा मागवली तेव्हा कोटेशनं, मग प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (ही वस्तू जगात हीच कंपनी बनवते असं मीच लिहून द्यायचं, जणू मला त्यातून कमिशन मिळणारेय), मग परचेसची सही, अकाउंट्सची सही, मग डीलर म्हणतो स्टॉक बाहेरून येईल सहा आठवडे. सहाचे अकरा झाले. माल मुंबईत उतरला आणि एका कागदावरून विमानतळाच्या गोदामातच राहिला, शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी खोका हातात आला तेव्हा आत ड्राय आइसचा कणही नव्हता, थर्माकोल कोमट लागत होतं. ती छोटीशी कुपी, पन्नास हजारांची, उचलून बघितली तर आत पाणी. चालेल की मेली हे कळायला आणखी एक आठवडा प्रयोग. मेली होती. आता सांगा, याच्यात कुणाला शिव्या घालायच्या? एकेका माणसाकडे गेलं तर प्रत्येकजण नियमाप्रमाणेच वागलेला.

हेही सांगते की सगळंच वाईट नाही. प्रायमर (प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) इथे दोन-तीन दिवसांत मिळतात. सिक्वेन्सिंग बाहेरच्या तोडीचं आणि बरंच स्वस्त होतं. आणि मुलं! माझ्याकडे खालापूरजवळच्या गावातून आलेली एक मुलगी आहे, एमएस्सी झाली तेव्हा तिने पीसीआर मशीन फक्त चित्रात पाहिलं होतं. आज ती बिघडलेलं मशीन उघडून स्वतः दुरुस्त करते कारण सर्व्हिस इंजिनियरची वाट बघण्यात तिचा आठवडा जातो. अशी विद्यार्थिनी मला तिकडे मिळाली नसती. मी अजून इथे आहे त्याचं अर्धं कारण ती.

खारी_बिस्किट
पिपेटवाली, कोमट थर्माकोल वाचून पोटात गोळा आला. पॉपकॉर्न बाजूला ठेवलेत.

कडक_चहा
सगळं ऐकलं. आता उलटा प्रश्न. आणायचंच कशाला?

इथे नेट-सेट, पीएचडी झालेली पोरं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतायत. तास मोजून पैसे, तेही वेळेवर नाहीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. राज्यातल्या कॉलेजांत जागा रिकाम्या, भरती बंद, कोर्टात काहीतरी अडकलेलं. माझा सख्खा मावसभाऊ, फिजिक्स, पेपर आहेत, गाईडशिप नाही कारण कायम नोकरी नाही, सकाळी एक कॉलेज दुपारी दुसरं आणि संध्याकाळी नीटचे क्लासेस. त्याला कोणी विचारत नाही. आणि बाहेरून आलेल्याला मात्र फेलोशिप वेगळी, घर वेगळं, वर्तमानपत्रात फोटो. रामानुजनला अर्ज करायचा तर आधी परदेशात असावं लागतं. म्हणजे इथे राहिला ही त्याची चूक? पिकतं तिथे विकत नाही हेच खरं. आधी घरातल्यांना जेवायला वाढा मग पाहुणे बोलवा.

सात_सत्तावीसची_बदलापूर
कडक_चहा +१००. पण रागावू नका, ते पाहुणे नाहीत हो, घरचेच आहेत, फक्त उशिरा आलेत.

बोस्टनचा_भाचा
इकडून वाचतोय. मटेरियल सायन्स, पोस्टडॉक, चौथं वर्ष, वडील डोंबिवलीला एकटे. म्हणजे मी धाग्याचा नमुना.

कडक_चहांचं म्हणणं मला मनापासून पटतं आणि तरीही सांगतो, हे दोन प्रश्न एकमेकांचे शत्रू नाहीयेत. जागा भरल्या तर त्यात तुमचा मावसभाऊ पण बसेल आणि मी पण मुलाखत देईन, हरलो तर हरलो. माझी अडचण फेलोशिपची नाहीच. मी गेल्या वर्षी भारतातल्या बऱ्याच विभागांना मेल केल्या, सीव्ही, रिसर्च प्लॅन, सगळं जोडून. काहींनी छान उत्तर दिलं, बाकीच्यांकडून साधी पोचही नाही. जाहिरात "रोलिंग" असते म्हणे, म्हणजे कायम चालू आणि म्हणून कधीच सुरू नाही. एका ठिकाणी ऑनलाइन सेमिनार दिला, लोक खूश दिसले, प्रश्न विचारले, नंतर आठ महिने शांतता. तिकडून नकार आला असता तरी चाललं असतं. युरोपातल्या एका ठिकाणाहून नकार आला तो तीन आठवड्यांत आणि कारणासहित.

आणि दुसरं, बायको. तीही संशोधक, न्यूरोसायन्स. मला मुंबईत आणि तिला मोहालीत जागा मिळाली तर वडिलांजवळ यायचं म्हणून संसार दोन टोकांना न्यायचा का? अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत जोडीदाराच्या नोकरीचा विचार उघडपणे होतो, दरवेळी जमतं असं नाही पण विषय काढला तर कोणी भुवया उंचावत नाही. आपल्याकडे मी विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम काय करतील ते नंतर बघू".

पिपेटवाली
"मॅडमचं नंतर बघू" याची फ्रेम करून घ्या. आमच्याकडे "सर काय करणार" असं झालं होतं. सर पुण्यात आहेत, शुक्रवारी रात्री येतात, इंद्रायणीने परत जातात.

निवृत्त_रसायनी
तुर्भ्याच्या बाजूला नोकरी केली, आता ठाण्यात निवांत. जुन्या गोष्टी सांगायचा मोह होतो, सांगतो.

माणसं परत कशी आणतात याचं मुंबईतलं उदाहरण द्यायचं तर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप. ते १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात शिकून आले, तिथल्या लोकांनी त्यांना सहा-सहा फुटी डिश भेट द्यायचं कबूल केलेलं. फुकट! पण बोटीचं भाडं कोणी भरायचं यावर पत्रव्यवहार लांबला, आणि स्वरूप वाट बघून १९५६ला अमेरिकेला गेले. पिपेटवालीताई, तुमच्या खोक्याचे आजोबा-पणजोबा होते बघा ते. नंतर १९६१ मध्ये परदेशातल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या मोठ्या माणसांना प्रस्ताव पाठवला की आम्हाला एकत्र गट म्हणून यायचंय. टीआयएफआर या मुंबईतल्या मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा, त्यांनी तार केली. मजकूर एवढाच की रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायचं आम्ही ठरवलंय, प्रस्तावाचं पत्र मागोमाग येतंय. ठरवलंय! बघतो, समितीपुढे ठेवतो, नाही. स्वरूप १९६३ला टीआयएफआरमध्ये आले. त्या जुन्या ३२ डिश तोवर दिल्लीत येऊन पडल्या होत्या, त्या आणून १९६५ मध्ये कल्याणला दुर्बीण उभी केली. हो, आपलं कल्याण. मग १९७०ला उटीची, ५३० मीटर लांब, आणि पुढे नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी, ४५ मीटरच्या ३० डिश. चौघांतले सगळे इथे कायमचे टिकले नाहीत, पण एक टिकला तर काय होतं ते खोडदला जाऊन बघा.

त्याच सुमारास, १९६२ मध्ये, ओबेद सिद्दीकींना बोलावून टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्र सुरू केलं. फिजिक्सच्या संस्थेत! आज अशी फाइल हलवून दाखवा.

सात_सत्तावीसची_बदलापूर
कल्याणला दुर्बीण होती??? मी रोज तिथून जातो आणि मला फक्त पत्रीपूल माहीत.

शिवडीचा_फ्लेमिंगो
रसायनी काका, भाभांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात पण ती पद्धत आज चालवायची का? एका माणसाने ठरवलं आणि तार केली. तो माणूस भाभा असेल तर ठीक. नसेल तर तीच तार मेहुण्याला जाईल. नियम आले ते उगाच नाही आले. मी सरकारी ऑडिटमध्ये आहे, जाऊ द्या फार सांगत नाही.

आणि मजेची गोष्ट, भाभा स्वतः कुठे योजनेखाली परत आले होते? १९३९ला सुट्टीवर आले, महायुद्ध सुरू झालं, केंब्रिजला जाता येईना, बंगळुरूला आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत रामन यांच्या विभागात राहिले आणि १९४५ला टीआयएफआर उभी राहिली. म्हणजे योजनेचं नाव काय ठेवायचं, "अडकले तर आपले"?

खारी_बिस्किट
अडकले तर आपले, खिक्क. मग ट्रम्पतात्या योजनेचे राजदूत.

निवृत्त_रसायनी
फ्लेमिंगो, मेहुण्याची भीती मान्य. पण सगळ्या नियमांचा खर्च मेहुणा नसलेल्यावरच पडतो हेही ऑडिटमध्ये लिहा कधीतरी. आणि नियम असून, नसून, माणूस गमावल्याचं उदाहरण पण घ्या. हरगोविंद खोराना १९४९ला परत आले होते, नोकरी मिळाली नाही, पुन्हा इंग्लंडला गेले. १९६८ला नोबेल. तेव्हा पोर्टल नव्हतं, एवढाच फरक.

आकडेमोड
नियमांचा विषय निघालाच आहे तर थोडं अचूक. वैज्ञानिक उपकरणांवर सार्वजनिक संशोधन संस्थांना ५ टक्के जीएसटी होता, जुलै २०२२ मध्ये ती सवलत काढली आणि १८ झाला. म्हणजे एक कोटीच्या उपकरणामागे १३ लाख जास्त, आणि ग्रँट तेवढीच. खरेदी जेम पोर्टलवरून (सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार) करायची सक्ती, तिथे विक्रेता म्हणतो हेच ते, खोका उघडल्यावर कळतं की ते नव्हे. वर २०२० पासून २०० कोटींपर्यंत जागतिक निविदा काढायची नाही असा नियम, ज्या मायक्रोस्कोपचा भारतात कारखानाच नाही त्यालाही लागू, मग सूट मागायला दिल्लीला पत्र.

पण चांगलं झालं ते पण सांगायला हवं. जून २०२५ मध्ये अर्थखात्याने हे बरंच सैल केलं. संस्थेचे संचालक आणि कुलगुरू जेमबाहेर घेऊ शकतात, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखाची २ लाख झाली, जागतिक निविदेची परवानगी संचालक पातळीवर आली. त्याआधी सप्टेंबर २०२४ला संशोधन अनुदानावरचा जीएसटी काढला. तेव्हा पिपेटवालींचा अनुभव या आधीचा असेल तर आता फरक पडला का ते लिहा.

मूळ दुखणं मात्र तिथेच आहे, देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया त्याच्या जवळजवळ दुप्पट. या ०.६४ मधून कडक_चहांच्या भावाला पण द्यायचंय आणि बोस्टनच्या भाच्याला पण. म्हणून ते दोघं इथे भांडताना दिसतायत.

पिपेटवाली
आकडेमोड, फरक पडलाय, खोटं कशाला बोलू. लहान खरेदी आता पटापट होते. पण नियम बदलला तरी टेबलामागचा माणूस तोच असतो. मी सर्क्युलर छापून घेऊन गेले तर उत्तर मिळालं "मॅडम आमच्याकडे हे अजून आलेलं नाही". मग मी ते त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, आलं.

खारी_बिस्किट
"आलं". टाळ्या!!

पार्ल्याची_सून
विषय थोडा बाजूला नेते, सॉरी. आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो (नवरा कंपनीत संशोधनात, मी आयटी). शास्त्रज्ञांचं लॅबचं दुःख तुम्ही सांगितलंत, घरचं मी सांगते. मुलगा तिकडे तिसरीत होता, इथे शाळेने विचारलं हिंदी किती येतं, मराठी किती येतं, दोन्ही शून्य, मराठी समजायची पण लिहिता येत नव्हती. पहिल्या टर्मला रोज संध्याकाळी रडारड. आता सोसायटीत क्रिकेट खेळून खेळून अशी मराठी शिकलाय की आजीच्या समोर तोंड दाबावं लागतं. सासूबाई म्हणतात, निदान शिव्या तरी शुद्ध देतो.

आणि ज्यांचं यायचं ठरतंय त्यांनी कराचं आधी बघा. बरीच वर्षं अनिवासी राहून आलात तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नाही) असा दर्जा मिळू शकतो, तेव्हा परदेशातल्या व्याजा-डिव्हिडंडवर सहसा इथे कर लागत नाही. तारखेचा खूप फरक पडतो, मार्चमध्ये उतरायचं की एप्रिलमध्ये याने वर्ष बदलतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

माटुंगा_पूर्व
पार्ल्याची_सून, अवांतर अजिबात नाही, हेच हवं होतं.

मला वज्र आणि वैभवबद्दल विचारायचंय. वज्र २०१७ची ना, तिकडची नोकरी न सोडता वर्षातले एक ते तीन महिने इथे यायचं. वैभवमध्ये वर्षाला एक-दोन महिने, तीन वर्षांपर्यंत. माणूस पूर्ण येत नसेल तर अर्धा तरी आला असं समजायचं का?

कडक_चहा
डिसेंबरात येतात. थंडी, लग्नसराई, हापूस नसतो एवढंच वाईट. दोन लेक्चरं, एक फोटो, शाल-श्रीफळ.

बोस्टनचा_भाचा
कडक_चहा, हाहा, तशी मंडळी पाहिलीत मीही. पण माझ्या इथल्या बॉसचंच उदाहरण (मूळ तमिळ), ती दर उन्हाळ्यात भारतातल्या एका लॅबमध्ये जाते आणि तिथले दोन विद्यार्थी इथे सहा महिने येऊन नमुने मोजून जातात, आमचं यंत्र तिथे नाही म्हणून. त्यातून पेपर निघाले, आणि त्यातला एकजण आता तिथेच शिकवतो. हे फोटोवालं काम नाही. फरक एवढाच दिसला की तिथे तिचं कोणाशीतरी आधीपासून काम चालू होतं. योजनेत नाव घातलं म्हणून ओळख काढली असं नाही.

निवृत्त_रसायनी
माटुंग्याचे धागाकर्ते आहेत आणि यूडीसीटीचं (माटुंग्याची रसायन तंत्रज्ञानाची संस्था, आताची आयसीटी) नाव कोणी काढलं नाही, कमाल आहे. मनमोहन शर्मा केंब्रिजहून पीएचडी करून १९६४ला आले आणि २७व्या वर्षी तिथे प्रोफेसर झाले. सत्ताविसाव्या वर्षी प्रोफेसर! आज त्या वयात पोरगा दुसऱ्या पोस्टडॉकचा फॉर्म भरत असतो. त्यांच्या वर्गातून आणि प्रयोगशाळेतून मुंबई-गुजरातच्या रसायन उद्योगाची एक पिढी निघाली. माशेलकर त्याच संस्थेतले, तेही इंग्लंडहून १९७६ला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आले. जयंत नारळीकर १९७२ला केंब्रिजहून टीआयएफआरमध्ये आले, १९८८ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था काढली. यातल्या कोणाच्या पगाराची गोष्ट आपण सांगत नाही बघा. त्यांना जागा दिली, लवकर दिली आणि ती कायमची होती.

कडक_चहा
काका, त्या काळी जागा होत्या. देशात संस्थाच नव्या निघत होत्या.

निवृत्त_रसायनी
होत्या कुठे, केल्या.

शिवडीचा_फ्लेमिंगो
आजही निघतायत की, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था) निघाल्या, नव्या आयआयटी निघाल्या. काहींची पहिली काही वर्षं भाड्याच्या इमारतीत गेली तो भाग वेगळा. आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, जे परत येतात ते सगळे देशासाठी किंवा संशोधनासाठी येतात असं नाही. बरेचसे आईवडिलांसाठी येतात. माझ्या वरच्या मजल्यावरचे एकजण वडिलांच्या बायपासनंतर आले, चांगल्या मोठ्या विद्यापीठातली नोकरी सोडून. सरकारी योजनेला असं कारण चालत नाही, फॉर्ममध्ये "राष्ट्रउभारणीत योगदान" असा रकाना असतो. तिथे "आईचे गुडघे" लिहून बघा.

बोस्टनचा_भाचा
"वडिलांना स्वयंपाकाचा कंटाळा" असं लिहीन म्हणतो. खरं तेच आहे.

माटुंगा_पूर्व
पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. पिपेटवाली, पाच वर्षं झाल्यावर काय? एवढं सगळं वाचताना मला तिथेच ठेच लागतेय. बँकेत आम्ही असं कर्ज दिलंच नसतं, परतफेडीच्या वेळी कर्जदार कुठे असेल ते माहीत नाही.

पिपेटवाली
हाच तो प्रश्न. फेलोशिप म्हणजे अकरा महिन्यांचा लीव्ह-लायसन्स करार आहे, भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा आणि पुढच्या वर्षी कुठे ते विचारू नका. यजमान संस्था तुम्हाला बसायला जागा देते, कायम करायचं बंधन तिच्यावर नाही. काही संस्था मनापासून सामावून घेतात, काही ठिकाणी पाच वर्षं संपल्यावर उभारलेल्या लॅबची चावी देऊन माणूस निघतो. फ्रीजर संस्थेचाच राहतो, माणूस नाही राहत. माझ्या आधीच्या एका फेलोचा फ्रीजर मी वापरते, दारावर त्याच्या अक्षरात "प्लीज दार नीट लावा" अशी चिठ्ठी आहे, तो आता आयर्लंडमध्ये आहे.

त्यात वयाची गंमत अशी. रामानुजनला वयाची अट चाळीस. समजा अडतिसाव्या वर्षी आलात, त्रेचाळिसाव्या वर्षी संपली. तोवर सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीला तुम्ही म्हातारे आणि वरच्या पदाला अनुभव कमी, कारण फेलोशिपची वर्षं अनुभव म्हणून धरायची की नाही यावर दर संस्थेचं वेगळं मत. मला विचाराल तर नवीन योजना, नवीन नाव काही नको. फेलोशिप देतानाच संस्थेकडून लिहून घ्या की तिसऱ्या वर्षी बाहेरचे परीक्षक बोलावून काम तपासू, चांगलं असेल तर कायम करू, नसेल तर तेव्हाच सांगू. दोन वर्षं हातात राहिली तर माणूस दुसरीकडे शोधतो तरी. आणि कडक_चहांच्या भावाला पण त्याच परीक्षेला बसू द्या, परदेशात असण्याची अट काढून टाका. मला त्याच्याशी स्पर्धा करायला काही लाज नाही.

कडक_चहा
हे लिहिलंत ते बरं केलंत. भावाला धागा पाठवला. तो म्हणतोय ताईंना सांग मी फिजिक्सचा आहे, त्यांच्या पोटावर पाय येणार नाही.

आकडेमोड
पिपेटवालींच्या सूचनेला अनुमोदन. फक्त "कायम करू" लिहून द्यायला संस्थेकडे मंजूर पद हवं, आणि पद मंजूर करणं संस्थेच्या हातात नसतं. त्यामुळे पहिली सही संचालकाची नाही, दिल्लीची लागेल.

सात_सत्तावीसची_बदलापूर
सगळ्या सह्या झाल्या की कळवा. मेट्रो-३ आता कफ परेडपर्यंत गेली, टीआयएफआरवाल्यांचे निदान चर्चगेटनंतरचे हाल कमी झाले. एक कारण परत यायचं.

बोस्टनचा_भाचा
पार्ल्याची_सून, ते आरएनओआरचं बघणारा कोणी सीए सुचवाल का, ठाणे-डोंबिवली बाजूचा? अजून काहीच ठरलेलं नाही. वडिलांना यातलं काही सांगितलेलं नाही, ते इथे वाचत नाहीत अशी आशा आहे.

पार्ल्याची_सून
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पासपोर्टवरचे सगळ्या वर्षांचे शिक्के स्कॅन करून ठेवा, पहिल्याच भेटीत मागतो.